तिसऱ्या गुरुवारची लाल परी

रात्रीचे बारा वाजून एक मिनिट. घाबरू नका, भुताची गोष्ट नाही. हा एका वाइनचा सरकारमान्य मुहूर्त आहे! नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार लागला आणि काटा बाराच्या पुढे एक मिनिट सरकला, की फ्रान्समध्ये 'बोजोले नुव्हो'ची बुचं उडायला मोकळी. त्याआधी गिऱ्हाइकाला एक पेला विकला तरी नियमभंग. आपल्याकडे गुरुवार म्हणजे कित्येकांच्या उपासाचा वार, तिकडे त्याच वारी बाटल्या फुटतात. ज्याचा त्याचा गुरुवार!

आणि आता बातमी अशी, की बारा वाजता अवतरणाऱ्या या वाइनचेच बारा वाजायला आलेत. कसे? सांगते. आधी वैधानिक इशारा मनातल्या मनात वाचून घ्या.

ही बया कोण?

फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या उत्तरेला डोंगरउतारांचा एक पट्टा आहे. नाव बोजोले. तिथल्या रेड वाइनचं द्राक्ष एकच, गामे. सप्टेंबरच्या आसपास तोडणी आणि सहा-आठ आठवड्यांत बाटली दुकानात. घरंदाज रेड वाइन तळघरात वर्षानुवर्षं पडून असतात, तेव्हा ही नटून पार्टीला निघालेली असते. त्या मुरलेलं लोणचं, ही कैरीचा तक्कू. सकाळी केला, जेवणात संपला.

लियाँवाले म्हणतात, आमच्या शहरात तीन नद्या वाहतात: ऱ्होन, सोन आणि बोजोले. पहिल्या दोन नकाशात सापडतील. तिसरी हॉटेलात.

हद्दपार द्राक्ष

माहीत आहे का, या गामेला एकदा राजाज्ञेने हाकलून दिलं होतं? साल १३९५. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याला लाडकं होतं पिनो न्वार हे खानदानी द्राक्ष. शेतकऱ्यांना आवडे गामे, कारण ते भरघोस पिकतं आणि लाड मागत नाही. ड्यूकने फर्मान काढलं, की हे द्राक्ष वाईट आहे, बेइमान आहे, वेली उपटा! गामेचं बस्तान बसलं ते दक्षिणेला, बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या जमिनीत.

थांबा, क्लायमॅक्स पुढेच आहे. सहाशे वर्षांनी, १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला. गामेचा एक जन्मदाता निघाला कोण? पिनो न्वार! म्हणजे ज्याच्या इभ्रतीसाठी गामेला घराबाहेर काढलं, त्याचंच ते पोर. वर सख्खं भावंड कोण, तर जगभर मिरवणारं शार्दोने. मालिकावाल्यांनी नोंद घ्यावी, पाचशे एपिसोड आरामात निघतील.

न चुरडता वाइन

वाइन म्हटलं की डोळ्यांपुढे द्राक्षं तुडवणारे पाय येतात ना? नुव्होच्या कारखान्यात असं काही दिसणार नाही. इथे अख्खे घड देठांसकट मोठ्या टाकीत ओततात आणि झाकण बंद. तळाची द्राक्षं वरच्या भाराने फुटतात, त्यांचा रस आंबायला लागतो, कार्बन डायऑक्साइड निघून टाकी भरते. ऑक्सिजन गायब! मग वरची साबूत द्राक्षं गुदमरल्यासारखी वागतात आणि फुटायच्या आधीच, सालीच्या आतल्या आत, साखरेचं अल्कोहोल करायला घेतात. चार-पाच दिवसांत रंग उतरतो. तुरटपणा मात्र फारसा उतरायला वेळच मिळत नाही. म्हणून ही वाइन हलकी, जांभळट आणि सरबतासारखी गटागट जाणारी.

घड अख्खाच हवा, म्हणून बोजोलेत तोडणी मुख्यतः हातानेच होते. यंत्राने द्राक्षं देठापासून सुटतात, मग सगळा खेळच संपला.

माहीत आहे का, ग्लास नाकाशी नेला की वास कसला येतो? केळ्याचा! खरंच. आंबताना आयसोअमाइल अॅसिटेट नावाचं एस्टर तयार होतं. केळ्याच्या वासामागेही तेच, केळ्याच्या इसेन्सच्या बाटलीतही तेच. त्यात बऱ्याच उत्पादकांनी हा वास फुलवणारं '७१बी' नावाचं यीस्ट वापरायला घेतलं, आणि सगळ्या बाटल्यांना एकच वास येऊ लागला. केळं आणि बबलगम. जळगावकरांना कौतुक वाटेल, पण समीक्षकांनी नाकं मुरडली.

सरकारी कागदातून जन्मलेली फॅशन

सप्टेंबर १९५१ मध्ये फ्रेंच सरकारने नियम केला, की नामांकित प्रदेशांच्या वाइन १५ डिसेंबरआधी विकायच्या नाहीत. बोजोलेवाले खवळले. आमचा माल तर ताजाच खपतो! आरडाओरड झाली आणि १३ नोव्हेंबरला कर खात्याने एक परिपत्रक काढून काही वाइनना सूट दिली. झालं, नुव्होची अधिकृत जन्मपत्रिका तयार. कर खात्याच्या परिपत्रकातून पार्टी निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

पुढे १५ नोव्हेंबर ही तारीख पक्की झाली. पण ती कधी शनिवारी येई, कधी रविवारी, आणि ट्रकवाल्यांची पंचाईत. म्हणून १९८५ पासून तिसरा गुरुवार. मागोमाग वीकएंड, म्हणजे बार फुल्ल! अमेरिकेत तर दुहेरी लॉटरी: थँक्सगिव्हिंग असतो चौथ्या गुरुवारी, म्हणजे दरवर्षी बरोब्बर एका आठवड्याने. टर्कीसोबत काय प्यायचं हा प्रश्न कॅलेंडरनेच सोडवला.

पळा पळा, कोण पुढे पळे

१९७० च्या दशकात इंग्रजांना खूळ लागलं, नवी बोजोले लंडनला सगळ्यात आधी कोण पोचवतो! 'संडे टाइम्स'मधल्या एका स्तंभलेखकाने जाहीर आव्हान दिलं: पहिली बाटली माझ्या टेबलावर आणा, बक्षीस शॅम्पेन. झालं की सुरू. गाड्या पळाल्या, विमानं उडाली, कॉन्कॉर्डमधून खोकी आली, एकदा तर हवाई दलाचं हॅरियर जेट कामाला लागलं. देशाचं संरक्षण थोडा वेळ थांबू शकतं, केळ्याच्या वासाची वाइन नाही!

या तमाशामागचा शोमन होता ज्यॉर्ज दुबफ. फुलाफुलांची लेबलं हा त्याचा ट्रेडमार्क, 'बोजोलेचा राजा' हा लोकांनी दिलेला किताब. १९९३ मध्ये त्याने वाइनचं थीम पार्क काढलं. जानेवारी २०२० मध्ये, ८६ व्या वर्षी राजा गेला. तोवर राज्याला उतरती कळा लागून बरीच वर्षं झाली होती.

इंग्लंड विसरलं तरी वेल्समधलं स्वॉन्झी विसरायला तयार नाही. तिथे आजही 'बोजोले डे' म्हणजे शहराचा अर्धा सण. लोक नटूनथटून दुपारपासून रस्त्यावर, रेस्टॉरंटची टेबलं कित्येक महिने आधी बुक. याचं श्रेय देतात क्लेम थॉमस या रग्बीच्या माजी कर्णधाराला.

टबमध्ये वाइन, वाइनमध्ये माणूस

माहीत आहे का, फ्रेंच वाइन फ्रेंचांच्याही आधी कोण पितं? जपानी! नियम स्थानिक वेळेचा, आणि जपान आठ तास पुढे. टोकियोत मध्यरात्री ग्लास भिडतात तेव्हा पॅरिसमध्ये अजून बुधवारची दुपारची चारची वेळ असते. घरच्यांच्या आधी पाहुण्यांची पंगत!

२००४ मध्ये जपानने सव्वा कोटीच्या आसपास बाटल्या रिचवल्या. तो उच्चांक. हाकोनेच्या एका स्पामध्ये तर लोक लालभडक बोजोलेच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसून 'चीअर्स' करतात. डाग काढायची पावडर कोणती, हे कळलेलं नाही.

जपानी जाहिरातींचा एक किस्सा तिकडे इंटरनेटवर दर नोव्हेंबरला फिरतो. २००१ ची वाइन दहा वर्षांत सर्वोत्तम. २००२ ची त्याहून सरस. २००३ ची शंभर वर्षांत एकदाच येणारी! २००९ ची पन्नास वर्षांत एकदा येणारी. गणित सोडा हो, भावना पोचली ना?

पण नंतर नवलाई ओसरली. वाइन विमानानेच आणायची, कारण बोटीने येईपर्यंत मुहूर्त टळतो. भाडं परवडावं म्हणून काचेऐवजी प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या; फ्रान्समध्ये भुवया उंचावल्या. २०२२ मध्ये विमानांना रशियाला वळसा घालावा लागला, भाडी भडकली, बाटलीची किंमतही. आज जपानची खरेदी त्या उच्चांकाच्या पाचव्या हिश्श्याच्याही खाली आहे.

माल उरला, आणि केस उभी राहिली

१९९२ च्या सुमारास बोजोलेतली निम्म्याहून जास्त वाइन नुव्हो म्हणून विकली जात होती. पैसा झटपट! सप्टेंबरात तोडा, ख्रिसमसआधी हिशेब पूर्ण. मग काय, जो तो वेलींवर जास्तीत जास्त घड लादायला लागला. रस पातळ झाला, तर आंबवताना भरपूर साखर. आता माझं मत विचाराल, तर केळ्याच्या वासाला उगाच बदनाम केलंय. घात केला तो हावरेपणाने.

२००१ च्या हंगामात घात उघडा पडला. अकरा लाखांहून जास्त खोकी पडून राहिली. ती नष्ट करावी लागली किंवा भट्टीत घालून त्यांचं स्पिरिट करावं लागलं. बारा बाटल्यांचं खोकं धरा आणि कॅल्क्युलेटर काढा.

त्यावर एका फ्रेंच वाइन समीक्षकाने 'लियाँ मॅग' मासिकात या वाइनला असा शब्द वापरला, की तो इथे छापला तर संपादक मला वेलीला बांधतील. (विष्ठेशी संबंधित आहे, एवढं पुरे.) चिडलेले बागायतदार कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने मासिकाला अडीच लाख युरोंहून जास्त भरपाईचा दणका दिला. का, तर मालाची बदनामी! वरच्या कोर्टात निकाल फिरला, पण तोवर तो शब्द देशोदेशीच्या पेपरांत छापून आला होता. ही वाइन ज्यांनी कधी चाखली नव्हती, त्यांनाही ती कशी म्हणे ते पाठ झालं.

बागायतदारांचं खरं दुखणं शिवारात दिसतं. शतकाच्या सुरुवातीला बोजोलेत वीस हजार हेक्टरांवर द्राक्षं होती, आता पंधरा हजारांच्याही खाली. बाकीच्या जमिनीतल्या वेली उपटल्या गेल्या. या खेपेला ड्यूकचं फर्मान लागलं नाही.

दहा थोरल्या बहिणी

माहीत आहे का, त्याच बोजोलेत, त्याच गामेपासून मस्त मुरणाऱ्या वाइनही होतात? मॉर्गों, फ्लरी, ब्रुई, मुलँ-आ-वाँ अशी दहा ठिकाणं 'क्रू' म्हणून नावाजलेली आहेत. त्यांच्या नावाने नुव्हो विकायला कायद्यानेच बंदी. लेबलवर 'बोजोले' शब्द ठळक छापायचंही अनेक जण टाळतात. धाकटीची बदनामी नको! दहातली एक सँत-आमूर, नावातच प्रेम. तिचा सीझन सांगायला हवा का? १४ फेब्रुवारी.

मॉर्गोंच्या मार्सेल लापिएरने रसायनशास्त्रज्ञ ज्यूल शोव्हेच्या सल्ल्याने विकतचं यीस्ट सोडलं, गंधकही जवळजवळ सोडलं. आज 'नॅचरल वाइन' म्हणून हिपस्टर जे घोट मिटक्या मारत घेतात, त्याची एक मोठी गंगोत्री हीच. गंमत बघा, त्याच वाटेवरचे काही तरुण उत्पादक आता कमी मालाची, नीट जपलेली नुव्हो काढतात, आणि ती हातोहात खपते.

जाता जाता: याच पट्ट्यातल्या व्हो गावावर बेतलेली 'क्लोशमेर्ल' ही विनोदी कादंबरी १९३४ मध्ये गाजली. विषय? गावात सार्वजनिक मुतारी बांधण्यावरून झालेलं महाभारत. आज पर्यटक तिथे वाइन पितात आणि मुतारी बघतात. क्रम अगदी योग्य आहे.

शेजारीपाजारी

इटलीची 'नोव्हेल्लो' तर ३० ऑक्टोबरलाच बाजारात, फ्रेंचांच्या आधी. चेक लोकांची संत मार्टिनची वाइन ११ नोव्हेंबरला, म्हणजे अकराव्या महिन्यात, अकरा तारखेला, अकरा वाजता उघडते. वेळ पाळायची तर अशी!

आणि आपलं नाशिक? आपल्या बागांत ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. फ्रान्समध्ये वेली थंडीत झोपलेल्या असतात, तेव्हा आपल्याकडे घड भरतात. जानेवारीची तोडणी, वर सात आठवडे... नाशिकची 'नुव्हो' काढलीच, तर ती थेट शिमग्याला टपकेल. फ्रेंचांना बोंब मारायला जाहिरातवाले लागले, आपल्याकडे ते खातं फुकटात सुटेल. रंगही पक्का, नाही का?