पुण्याचे वकील, चंदीगडचे राज्यपाल : काकासाहेब गाडगीळ

वकील आपल्या पक्षकाराची बाजू मांडतो. राज्यपालाला मात्र कोणा एकाची बाजू घेता येत नाही. नरहर विष्णु तथा काकासाहेब गाडगीळ यांच्या जीवनात या दोन्ही भूमिका आल्या.

त्यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. १९२० मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली आणि त्याच वर्षी काँग्रेसच्या कार्यात प्रवेश केला. स्वातंत्र्यलढ्यात त्यांना आठ वेळा तुरुंगवास घडला. १९३४ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. भाक्रा, हिराकूड यांसारख्या मोठ्या धरणांच्या कामांना त्या काळात चालना मिळाली.

पुढे भाषावार राज्यरचनेचा प्रश्न तीव्र झाला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची बाजू काकासाहेबांनी लोकसभेत निर्भीडपणे मांडली. मात्र काँग्रेस पक्ष सोडला नाही. काँग्रेसविषयी महाराष्ट्रात रोष होता. १९५७ च्या निवडणुकीत पुण्याच्या मतदारांनी त्यांना नाकारले व ना. ग. गोरे यांना निवडून दिले.

सप्टेंबर १९५८ मध्ये पंजाबचे राज्यपाल म्हणून ते चंदीगडला गेले. आजचा हरियाणा त्या वेळी पंजाबातच होता. तेथे पंजाबी भाषकांच्या वेगळ्या राज्याची, म्हणजे ‘पंजाबी सुभ्या’ची मागणी जोर धरत होती. महाराष्ट्रासाठी ज्या तत्त्वाचा त्यांनी पुरस्कार केला होता, तेच तत्त्व तेथे वादाचा विषय झाले होते. मुख्यमंत्री प्रतापसिंग कैराँ यांच्या सरकारचा या मागणीला विरोध होता आणि राज्यघटनेनुसार राज्यपालाने सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच कारभार करावयाचा असतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा काकासाहेब पंजाबच्या राज्यपालपदावरच होते.

१९६२ मध्ये ते या पदावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी सातारा येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९६४ पासून ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. १२ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या दहा महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९६६ रोजी, पंजाबची भाषिक पुनर्रचना झाली आणि चंदीगड केंद्रशासित प्रदेश बनले.

लोकप्रतिनिधीने जनतेची मागणी निर्भयपणे मांडावी, ही लोकशाहीची अपेक्षा असते. घटनात्मक पदावरील व्यक्तीकडून मात्र संयमाची अपेक्षा असते. व्यक्ती तीच असली, तरी पदाबरोबर अधिकार बदलतात आणि मर्यादाही, हे काकासाहेबांच्या जीवनक्रमावरून ध्यानात येते.