वीस मिनिटांपूर्वीची भीती

ओळखीच्या एका आईनं मुलाच्या फाइलमधून रक्ताचा रिपोर्ट काढून माझ्यापुढे धरला. कॉर्टिसॉल या तणावाच्या संप्रेरकाचा आकडा ठळक छापलेला, शेजारी वर चढणारा बाण. "यावरून कळतं ना, ऑटिझम आहे की नाही ते?" तिनं विचारलं. त्या बाणापायीच मी पुण्यातल्या एका बालविकास केंद्रात गेले. तिथं एका अभ्यासासाठी मुलांच्या लाळेचे नमुने घेतात.

अर्धा तास आधी खाणंपिणं बंद, चूळ, जिभेखाली लांब स्वॅब, मग कुपी थेट फ्रीजरमध्ये. नमुने घेणाऱ्या ताई वर्षानुवर्षं हेच काम करतात.

साडेपाच वर्षांचा एक मुलगा दारातच थबकला. छतावरची ट्यूबलाइट घूं घूं करत होती; त्यानं कान घट्ट झाकून घेतले. ताईंनी दिवा मालवला, खिडकी उघडली आणि सरळ फरशीवर बसकण मारली. पहिला स्वॅब त्यानं गालावर फिरवला आणि फेकला. दुसराही गेला. तिसरा आईनं आधी स्वतःच्या तोंडात धरून दाखवला, तेव्हा कुठे चौथा त्याच्या जिभेखाली टिकला. "शाब्बास राजा!" ताई म्हणाल्या. कागदावर वेळ लिहिली आणि पुढे तीन शब्द: 'आल्यावर खूप घाबरला.'

"हे कशाला?" मी विचारलं.

"मूल घाबरलं की वीसेक मिनिटांनी लाळेतलं कॉर्टिसॉल चढलेलं दिसतं. त्याला येऊन तेवढाच वेळ झालाय. मग हा आकडा त्याचा धरायचा की ट्यूबलाइटचा?"

वीस मिनिटं. शिवाय हे संप्रेरक सकाळी उठल्यावर चढतं आणि रात्रीपर्यंत उतरतं. काही अभ्यासांत ऑटिस्टिक मुलांमध्ये ते संध्याकाळीही जास्त आढळलंय. ते शोधायलाच हवं, म्हणून तर ताई वेळ इतकी जपतात. पण सुई पाहून रडून लाल झालेल्या पोराच्या रक्ताच्या एका नमुन्यावर बाण छापून पालकांच्या हाती देणं मला निर्दयपणाचं वाटतं.

ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकाचंही असंच झालं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात ऑटिस्टिक मुलग्यांच्या रक्तात त्याची सरासरी कमी निघाली आणि आशा पल्लवित झाल्या. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा मुलांची त्यांच्या भावंडांशी आणि इतर मुलांशी तुलना केली. पातळीत तसा फरक सापडला नाही. २०२१ मध्ये २९० मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: २४ आठवडे नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारूनही सामाजिक वागण्यात खोट्या फवाऱ्यापेक्षा जास्त सुधारणा नव्हती.

केंद्रातल्या शेजारच्या खोलीत मानसशास्त्रज्ञ बाई आयसा ही भारतीय मोजपट्टी भरत होत्या. ४० मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण, ७०पासून पुढे ऑटिझम. "हाक मारल्यावर वळतो का?" त्यांनी विचारलं. आई बोलू लागली: हाकेला वळत नाही, पण कुकरच्या शिट्टीला पळून जातो, आजोबांचा हात धरून नळापाशी नेतो, 'पाणी' म्हणत नाही. बाई तिला मध्ये न तोडता ऐकत होत्या आणि त्याच वेळी कोपऱ्यात ठोकळे ओळीनं मांडणाऱ्या तिच्या मुलाकडेही पाहत होत्या.

ऑटिझमचं निदान आजही असंच, ऐकून आणि पाहून होतं. संप्रेरकांच्या तपासण्यांवर जाणारा पैसा स्पीच थेरपीला लागावा, आणि तोही मूल लहान आहे तोवरच.