हिमालयात जायचंय? आधी विचारा, रात्री झोपायचं कुठे



मार्च लागला, कुलर माळ्यावरून खाली आले, नव्या ताट्या बसल्या, की आपल्या नागपुरात घरोघरी एक विषय निघतो. औंदा सुट्ट्यांत जायचं कुठे? पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं. माहेर, नाहीतर पचमढी, नाहीतर चिखलदरा. आता भिशीत किंवा योगाच्या वर्गात एखादी तरी म्हणतेच, "चला ना गं, हिमालयात ट्रेक करू." मोबाइलवर जाहिराती असतातच. बर्फात हात पसरून उभ्या असलेल्या मुली, पिवळे तंबू आणि खाली ओळ, 'सहा दिवस, पाच रात्री, नवशिक्यांसाठी सोपा'. मग चर्चा होते पैशांची, जॅकेटची आणि जेवण शाकाहारी मिळतं का याची. ते विचारायलाच हवं. पण पैसे भरायच्या आधीचा पहिला प्रश्न वेगळा आहे: कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचं आहे?

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते सांगते. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. आणि हिमाचलातलं कसोल, जिथून सार पासचा ट्रेक सुरू होतो, ते गावच जवळपास तेवढ्या उंचीवर आहे. म्हणजे आपल्या राज्याचं डोकं जिथे संपतं, तिथे त्या ट्रेकचा पायथा लागतो.

उंचावर हवा विरळ होते हे आपण शाळेत शिकलो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच राहतं, पण दाब कमी झाल्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. ४२०० मीटरवर तो आपल्या इथल्या मानाने साधारण साठ टक्क्यांवर येतो. शरीर यातून वाट काढतं. श्वास जलद होतो, लघवी जास्त होते, रक्तात हळूहळू बदल होतात. पण त्याला दिवस लागतात, आणि ते दिवस रोजच्या फिरण्याने किंवा जिममध्ये जाऊन आधीच जमा करून ठेवता येत नाहीत. उलट तरुण, दणकट माणसं भराभर वर जातात आणि तीच आधी आजारी पडतात, असं पुष्कळदा होतं.

म्हणून डोंगरातले डॉक्टर एक नियम सांगतात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा आणखी वर चढून आलात तर चालतं, झोपायला मात्र खाली या.

आता हा नियम हातात घेऊन सार पासचं वेळापत्रक वाचू. आकडे सगळे अंदाजे धरा, प्रत्येकाच्या पत्रकात थोडे इकडेतिकडे असतात. कसोल १६०० मीटर. तिथून ग्रहण गाव, २३५०. पुढे मिनथाच, ३४००. मग नगारू, ३८००. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून ४२०० मीटरची खिंड ओलांडायची आणि बिस्केरीला, पुन्हा ३३५० च्या आसपास उतरायचं. वहीत एकाखाली एक लिहून काढा, म्हणजे ग्रहण ते मिनथाच ही हजारेक मीटरची उडी लगेच डोळ्यांत भरते. काही आयोजक या दोन्हींच्या मध्ये पद्री इथे आणखी एक मुक्काम देतात, काही देत नाहीत. काही कसोलला आल्यावर एक पूर्ण दिवस सरावासाठी ठेवतात, काही दुसऱ्या दिवशी सकाळीच चालायला लावतात. जाहिरातीत दोन्ही ट्रेकचं नाव सारखं, फोटो सारखे. एक दिवस कमी असलेला स्वस्त पडतो आणि रजाही वाचते, म्हणून तोच भरतो. माझं मत विचाराल तर नागपूरच्या बाईने जास्त दिवसांचा घ्यावा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हातून दोन रात्रींच्या प्रवासाने आलेल्या शरीराला तो एक दिवस द्यायलाच हवा.

तेव्हा आयोजकाला फोन कराल तेव्हा सरळ म्हणा, "दादा, मुक्कामांची आणि उंचीची यादी व्हॉट्सॲपवर पाठवा." जो पाठवतो त्याच्याशी पुढे बोला. जो "ताई, तुम्ही काळजीच करू नका, आमच्याकडे सत्तर वर्षांच्या आजी येऊन गेल्या" असं म्हणतो, त्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही.

दुसरा प्रश्न मुक्कामांइतकाच मोठा आहे: वर कोणी आजारी पडलं, तर खाली पाठवायचं कोणी ठरवणार, आणि सोबत कोण जाणार? दहा-बारा जणींचा गट आणि एकच वाटाड्या असेल, तर एकीला खाली न्यायचं म्हणजे बाकीच्या उघड्यावर पडल्या. म्हणून पुढे एक, मागे एक आणि गरज पडली तर सोडता येईल असा आणखी एक माणूस हवा. मुख्य लीडरने पर्वतारोहणाचं शिक्षण कुठे घेतलं तेही विचारा. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी इन्स्टिट्यूट, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट या सरकारी संस्था आहेत, त्यांचे बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स असतात. प्रथमोपचाराचं वेगळं प्रशिक्षण झालंय का, ऑक्सिजनचा सिलिंडर कोणत्या कॅम्पवर असतो, सगळ्यात जवळचा गाडीरस्ता तिथून किती तासांवर, वनखात्याचा परवाना कोणाच्या नावावर, हेही विचारून घ्या. विचारायला लाजू नका. लग्नात केटररला आपण याहून जास्त प्रश्न विचारतो.

२०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर काय झालं ते तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. बावीस जणांचा गट, त्यात तीन स्थानिक वाटाडे, बहुतेक मंडळी कर्नाटकातली. परतीच्या वाटेवर हिमवादळाने गाठलं आणि नऊ जण दगावले. बाकीच्यांना हेलिकॉप्टरने आणि बचाव पथकांनी खाली आणलं. त्या गटातले अनेकजण ट्रेकिंगला सरावलेले होते. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. चार हजार मीटरवर हवामान तासाभरात पालटतं, म्हणून 'आज पुढे जायचं नाही' असं म्हणायचा अधिकार आणि एक रिकामा दिवस, दोन्ही लीडरच्या हातात हवेत. वेळापत्रक इतकं घट्ट असेल की एक दिवस थांबलं तर परतीची गाडी चुकते, तर तो लीडर तरी कसा थांबणार?

आता आपल्याबद्दल, म्हणजे बायांबद्दल बोलते. दुखणं अंगावर काढायची आपल्याला सवय आहे. ताप असला तरी स्वयंपाक होतो, कंबर धरली तरी पाहुण्यांचं होतं. डोंगरात हीच सवय जीवावर उठते. उंचीचा त्रास सुरू होतो तो डोकेदुखीने. सोबत मळमळ, भूक न लागणं, अंग गळून जाणं, झोप न येणं. इथपर्यंत असेल तर त्याच ठिकाणी थांबायचं, वर जायचं नाही. बहुतेकींना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. पण चालताना तोल जातोय, दारू प्यायल्यासारखी पावलं पडताहेत, बोलणं असंबद्ध होतंय, किंवा बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, ओठ निळसर दिसताहेत, तर मेंदूत किंवा फुफ्फुसात पाणी साचायला लागलंय. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरायचं. उतरणं हेच पहिलं औषध, ऑक्सिजन आणि गोळ्या त्याच्या जोडीला.

तरी बाया लपवतात. कारण विचारलं तर म्हणतात, "पैसे भरलेत, परत कुठे मिळणार? आणि माझ्यामुळे सगळ्यांचा विरस." म्हणून निघायच्या आधीच गटात ठरवून घ्या, की रोज संध्याकाळी प्रत्येकीने डोकं दुखतंय का हे खरं सांगायचं, आणि जी उतरेल तिच्याबरोबर एक मैत्रीण उतरेल. 'डायमॉक्स'ची गोळी मैत्रिणीने घेतली म्हणून आपण घेऊ नये. ती सल्फा गटातली आहे, काहींना चालत नाही. बीपीच्या, थायरॉइडच्या, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. पाळी आली म्हणून ट्रेक अडत नाही. कागदी पिशव्या, झिपची पिशवी, हात धुवायचं सामान सोबत ठेवा आणि वापरलेलं सगळं खाली परत आणा, तिथे पुरून येऊ नका. बायांसाठी वेगळा शौचाचा तंबू असतो का, तंबूत कोणाबरोबर झोपायचं, गटात एखादी महिला लीडर आहे का, हे आधी विचारायचं.

आणि आता ती गोष्ट, जी दिल्ली-मुंबईच्या ट्रेकवाल्यांच्या फॉर्ममध्ये बहुधा सापडणार नाही, पण आपल्या विदर्भात विचारलीच पाहिजे. सिकलसेल. आपल्याकडे कितीतरी घरांत सिकलसेलचे वाहक आहेत आणि त्यांना स्वतःला ते ठाऊक नसतं, कारण सपाटीवर त्यांना काही त्रास होत नाही. पण ऑक्सिजन कमी झाला की त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात, आणि प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो. डाव्या बरगडीखाली जोराची कळ येते. तंबूत सगळ्यांना वाटतं गॅस झाला असेल, आणि ओवा खाऊन रात्र काढली जाते. असं सगळ्याच वाहकांना होतं असं नाही, कित्येक वाहक उंचावर जाऊन सुखरूप येतात. पण आपण वाहक आहोत हे माहीत असलं, तर डॉक्टरांशी बोलता येतं, कमी उंचीचा ट्रेक निवडता येतो, लीडरला सांगून ठेवता येतं आणि कळ आली तर वेळ न घालवता उतरता येतं. ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, त्यांनी एवढ्या उंचीवर जाऊ नये. तपासणी साधी आहे, सरकारी दवाखान्यात मोफत होते. मेडिकलला किंवा मेयोला चौकशी करा. त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहून घ्या. नऊ-दहा हिमोग्लोबिनवर घर चालवता येतं, पण डोंगर चढताना तिथेच दम सरतो. ते वाढायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून आत्तापासून. आणि मेडिकल सर्टिफिकेटवर ओळखीच्या डॉक्टरांचा नुसता शिक्का आणू नका, तपासून घ्या.

वयाचं म्हणाल तर ते आड येत नाही. २०२२ मध्ये बचेंद्री पाल यांनी पन्नाशीपुढच्या बायांचा चमू घेऊन अरुणाचलपासून कारगिलपर्यंत हिमालयाच्या खिंडी पार केल्या. १९८४ ला एव्हरेस्टवर पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला त्या. तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. त्या चमूत आपल्या नागपूरच्या बिमला नेगी-देऊस्करही होत्या. अर्थात त्यांच्या मागे आयुष्यभराचा सराव होता. आपण छोट्यापासून सुरुवात करू.

पहिल्यांदा जाणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या गटाला मी फुलांची दरी सुचवते, उत्तराखंडातली. घांगरियाला साधारण तीन हजार मीटरवर लॉजमध्ये राहायचं, दिवसा दरीत जाऊन संध्याकाळी परत यायचं, कारण दरीत मुक्कामाला परवानगीच नाही. म्हणजे रोज झोपायची उंची तीच. आधीची रात्र जोशीमठला काढली की चढणही टप्प्याटप्प्याने होते. दमलात तर खोलीत आराम करता येतो. दरी १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते, फुलं जुलै-ऑगस्टमध्ये. दोष एवढाच की ते दिवस पावसाचे, दरड कोसळून रस्ते बंद पडतात, म्हणून दोन दिवस हातचे ठेवा. हेमकुंड साहिब मात्र चार हजारांच्या वर आहे, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच तिथे धावू नका. ज्यांना तंबू आणि बर्फच हवा, त्यांनी सार पास घ्यावा, पण जास्त मुक्कामांचा. युथ हॉस्टेल्स असोसिएशनचे ट्रेक स्वस्त आणि शिस्तीचे असतात, तुकड्या मोठ्या असतात, सॅक आपली आपण वाहायची असते. गुडघे कुरकुरत असतील तर खाजगी आयोजकाकडे सामान खेचरावर देण्याची सोय असते, तिचे पैसे वेगळे. विमा काढताना 'ट्रेकिंग किती मीटरपर्यंत धरलंय' हे लेखी मागा.

सरावाला आपल्याकडे डोंगर नाही म्हणून रडू नका. सेमिनरी हिल्सचा चढ आहे, रामटेक गडाच्या पायऱ्या आहेत. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घ्या आणि पहाटे साडेपाचला निघा, सातनंतर ऊन झेपत नाही. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करा, गुडघे तिथेच बोलतात. बूट निदान महिनाभर आधी घ्या आणि तेच घालून चाला.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी सुटतं. दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्या मे महिन्यात पहिल्याच दिवशी भरतात. ट्रेक ज्या तारखेला संपतो, त्याच्या तिसऱ्या दिवसाचं परतीचं तिकीट काढा, दुसऱ्या दिवसाचं नको.