आपल्या वसईची चर्चेस

सहलीला वसईचा किल्ला पाहताना बऱ्याच जणांनी विचारले, "ही बिनछपराची एवढी चर्चेस कुणाची?" म्हणून ही माहिती लिहीत आहे.

1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी किल्ल्यात मोठमोठी चर्चेस बांधली, तशीच आसपासच्या गावांतही बांधली. 1739 साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. तेव्हा चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यातली एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे. ही घंटा मला एकदा बघायचीच आहे!

किल्ल्यातली चर्चेस ओस पडली. पोर्तुगीज गेले, पण गावातले ख्रिस्ती लोक इथलेच. ते वाडी, विहीर सोडून कुठे जाणार? ते राहिले, म्हणून गावात चर्चही राहिले.

मिस्सा मात्र लॅटिन भाषेत चाले. आजी सांगते, "फादर म्हणायचे, आम्ही उत्तर द्यायचो. अर्थ कुणाला ठाऊक!" 1962 ते 1965 या काळात रोमला धर्मसभा भरली. तिने लोकांच्या भाषेत उपासना करायला मोकळीक दिली. मग आपल्याकडे मिस्सा मराठीत सुरू झाली. माझ्या मते चर्च खरे गावचे झाले ते तेव्हा. आपल्या तालुक्यातल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर 2020 साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

आजीला ते लॅटिन अजून तोंडपाठ आहे. कुणाला ऐकायचे असेल तर रविवारी आमच्या घरी या.