आश्विनातलं पेण, दसऱ्यातलं रोहा

परतीच्या पावसाने आवरतं घेतलं की मुंबई-गोवा महामार्गावरच्या गाड्यांना घाई सुटते. कर्नाळ्याची खिंड उतरायची, पेण बाहेरूनच ओलांडायचं, वडखळला उजवीकडे वळलं की अलिबाग आणि सरळ गेलं की थेट तळकोकण. पेण बहुतेकांना ठाऊक असतं ते गणपती आणण्यापुरतं. रोहा तर महामार्गावर नाहीच. नागोठण्याहून किंवा कोलाडहून पश्चिमेला मुद्दाम वळावं लागतं, आणि सुट्टीच्या धांदलीत मुद्दाम वळतो कोण? त्यामुळे ही दोन्ही गावं पर्यटकांच्या तावडीतून सुटलेली आहेत. आश्विनात तिथे दोन दिवस काढायचे, तर हीच त्यांची मोठी सोय.

इंग्लंडमध्ये या दिवसांत लोक खेड्यापाड्यांकडे जातात ते पानगळ बघायला. बीचची झाडं तांबूस झालेली, धुकं, दगडी घरांतली शेकोटी, असा सगळा थाट. पेण-रोह्याच्या डोंगरांवर मात्र दसऱ्याला पानगळीचं नाव नसतं. सागाची पानं झडायला माघ-फाल्गुन उजाडावा लागतो. इथे रंग बदलतो तो भाताचा. नवरात्र बसताना लोंब्या भरत असतात, कोजागिरीच्या सुमारास हळवं भात कापणीला येतं आणि गरवं अजून हिरवट पिवळं असतं. एकाच शिवारात तीन-तीन रंग दिसतात. बांधावर कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे, वरच्या उतारांवर मागे राहिलेला तेरडा. सकाळी दव, दुपारी मात्र कडक ऊन. ‘ऑक्टोबर हीट’ हा शब्द मुंबईकरांनी उगाच रूढ केलेला नाही, तेव्हा हिंडणं दहाच्या आत आणि चारनंतर.

दिवा-रोहा गाडीने आलं तर हा सगळा देखावा खिडकीतूनच सुरू होतो. आपटा आणि जिते मागे पडली की हमरापूर येतं. स्टेशन लहान, गाव मात्र देशभर पोचलेलं. हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात घराघरांत गणपतीचे कारखाने आहेत. पेण शहरात हा धंदा देवधर घराण्याने नावारूपाला आणला आणि पाठोपाठ आसपासच्या गावांनी तो उचलला. आज पेणच्या मूर्तींना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. गणपतीआधी इथे पाय ठेवायला जागा नसते, कारागिरांना बोलायला फुरसत नसते. आश्विनात मात्र निवांतपणा असतो. काही कारखान्यांना कुलूप असतं, कारण कारागीर भात कापायला गेलेले. उरलेल्यांत पुढच्या वर्षाचे साचे निघतात, नवे नमुने घडवले जातात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने महिनोन्‌महिने आधी रवाना कराव्या लागत असल्याने वर्ष लवकर सुरू करावंच लागतं.

पेणच्या मूर्तीचं खरं कसब डोळ्यांत. त्याला इथे ‘आखणी’ म्हणतात. रंगकाम कितीही जणांनी केलेलं असो, आखणीला मोजकेच हात बसतात. बारीक कुंचला, रोखून धरलेला श्वास आणि भुवईची एका दमात ओढलेली रेघ. ती चुकली तर पुसता येते, पण आखणारा सहसा पुसत नाही. एका डोळ्यासारखा दुसरा उतरायला हवा आणि दोन्हींची नजर समोरच्यावर यायला हवी. मूर्ती कुठेही ठेवली तरी ती आपल्याकडेच बघते, असं गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे. अलीकडे शाडू की प्लास्टर हा वाद न्यायालयापर्यंत गेला आणि बंदीच्या टांगत्या तलवारीखाली या गावांनी काही हंगाम काढले. पर्यावरणवाद्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ज्याने घर गहाण ठेवून माल भरला, त्याच्याशी या विषयावर बोलताना शहरी पाहुण्याने आवाज जरा खाली ठेवलेला बरा.

पेणच्या बाजारात पोहे घेतल्याशिवाय कुणी परतत नाही. पोह्याचे पापड आणि मिरगुंडंही इथलीच. नव्या भाताचे पोहे हवे असतील तर मात्र दिवाळीपर्यंत दम धरावा लागतो.

शहराच्या पश्चिमेला, धरमतर खाडीच्या अंगाला पेणचा खारेपाट पसरला आहे. सपाट, उघडा, डोंगराची सावली नसलेला मुलूख. वरवर पाहणाऱ्याला इथे शेतांपलीकडे काही दिसणार नाही. पण ही जमीन मुळात समुद्राची. पिढ्यान्‌पिढ्या आगरी शेतकऱ्यांनी चिखलाचे बांध घालून ती खाडीकडून मागून घेतली आहे. खाडीकडचा मोठा बांध म्हणजे बाहेरकाठा. त्यात ठिकठिकाणी ‘उघाडी’ बसवलेली असते. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी झडप ढकलून खाडीत जातं, भरतीला खाडीचं पाणी तीच झडप बाहेरून दाबून बंद करतं. ना वीज, ना मोटार. एखाद्या उघाडीपाशी ओहोटी लागताना अर्धा तास उभं राहिलं, तर पाणी आधी थबकतं, मग झडप किंचित हलते आणि एकदम लोंढा सुटतो. त्या लोंढ्यात मासे असतात, म्हणून तिथे जाळं लावून कुणीतरी आधीच बसलेलं असतं.

बाहेरकाठा फुटला तर त्याला ‘खांड जाणे’ म्हणतात. एकदा खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं जमीन नापीक राहते. कांदळवन आलं तर शेत कायमचंच गेलं. अशा जमिनीत टिकणारं राता नावाचं तांबडं भात पूर्वी इथे सर्रास होई. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने क्षारात तग धरणारी पनवेल-१, २, ३ ही वाणं काढली. पेण तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी महामुंबई सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायला नकार दिला होता. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला त्यासाठी चक्क मतदान घ्यावं लागलं. त्याच हेटवण्याचं पाणी नळाने नवी मुंबईला जातं आणि खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पाहुण्याला आश्विनात ही टंचाई दिसत नाही. आजूबाजूला सगळीकडे पाणीच पाणी असतं.

खारेपाटात जेवायचं तर जिताडा. खाडीच्या पाण्याबरोबर आलेली पिल्लं घराशेजारच्या तळ्यात सोडायची आणि सावकाश मोठी करायची, ही इथली जुनी रीत. मोठा जिताडा पूर्वी साहेबाला खूश करायला पाठवला जाई, आणि त्या काळी किती कामं त्याच्या जोरावर मार्गी लागली याचे किस्से रायगडात अजून चवीने सांगितले जातात. वालाच्या शेंगा मडक्यात घालून केलेली पोपटी मात्र आश्विनात मागू नये. तिला थंडी लागते, आणि शेंगा भरलेल्या लागतात.

पेणच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात गागोदे आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे इथे जन्मले आणि बडोद्याला जाईपर्यंतचं त्यांचं बालपण इथेच गेलं. पुढे पायी देश पालथा घालून भूदान मागणाऱ्या माणसाचं हे गाव आजही शेतीवाडीचंच आहे.

पेणहून रोह्याला जाताना नागोठण्याला थांबायला हवं. अंबा नदीवरचा इथला दगडी पूल सोळाव्या शतकातला, निजामशाही अमलातला. चौलच्या बंदराशी चालणाऱ्या व्यापाराचा हा रस्ता. पूल अरुंद आहे, कमानी भक्कम आहेत, आणि चारशे वर्षांहून अधिक पूर सोसूनही तो उभा आहे. महामार्गाच्या रखडलेल्या चौपदरीकरणाची कहाणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी या पुलापाशी मनात काय म्हणायचं ते म्हणावं.

रोहा कुंडलिकेच्या काठी वसलं आहे. कोकण रेल्वे सुरू होते ती इथून. इथपर्यंतची रेल्वे मध्य रेल्वेची. स्वाध्यायाचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले १९ ऑक्टोबर १९२० रोजी या गावात जन्मले, त्यामुळे आश्विनाच्या आगेमागे स्वाध्यायींची इथे वर्दळ असते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचं बालपणही रोह्यातलं. हा मुलगा पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकला. म्हणजे इंग्लंडची पानगळ अभ्यासाचा विषय म्हणून पाहिलेला निदान एक रोहेकर आहेच.

कुंडलिका ही कोकणातल्या बहुतेक नद्यांसारखी नाही. त्या दिवाळीनंतर रोडावत जातात, ही बारमाही वाहते. त्याचं कारण सह्याद्रीपलीकडे आहे. मुळशीच्या धरणात अडवलेलं पाणी टाटांनी बोगद्या-नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात उतरवलं आणि १९२७ साली भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. धरणाखाली जाणाऱ्या गावांसाठी सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला होता. तो फसला आणि मावळातली गावं बुडाली. पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे जायचं ते पाणी तेव्हापासून वीज करून पश्चिमेला येतं. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांत आणि नदीत सुटतं. त्यामुळे रोहा-माणगावच्या काही गावांना उन्हाळी भात घेता येतं.

कोलाडचं प्रसिद्ध राफ्टिंगही याच पाण्यावर. सकाळी पाणी सुटतं, साजे गावापासून तराफे निघतात आणि सुमारे १२ किलोमीटर खळखळत खाली येतात. पाणी सुटण्याची वेळ वीजनिर्मितीच्या हिशेबाने ठरते, पर्यटकांच्या झोपेच्या हिशेबाने नाही, म्हणून इथे पहाटे उठावं लागतं. याच भिऱ्यात २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, हे उन्हाळ्यात यायचा बेत करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

नदीची दुसरी बाजूही आहे. रोह्याला लागूनच धाटावची औद्योगिक वसाहत आहे, तीही मुख्यतः रसायनांची. कोलाडला निळीशार दिसणारी कुंडलिका रेवदंड्याच्या समुद्राला मिळेपर्यंत तशी राहत नाही, ही खाडीतल्या मच्छीमारांची जुनी तक्रार आहे.

चालणाऱ्यांसाठी अवचितगड आहे. मेढा किंवा पिंगळसईहून दाट झाडीतून वाट चढते. आश्विनात गवत कमरेइतकं असतं आणि वाटेवर कोळ्यांची जाळी तोंडावर येतात, म्हणून काठी हवी. वर दरवाजा, बुरूज, पाण्याची टाकी आणि महादेवाचं देऊळ आहे. तटावरून खाली कुंडलिकेचं वळण आणि तिच्या दोन्ही काठांची पिवळी शेतं दिसतात. तासाभरात घोसाळगड किंवा कुड्याची लेणीही गाठता येतात, पण एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नये.

आणि तारखा ठरवायच्याच असतील तर दसरा धरून ठरवाव्यात. रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराज. नवरात्रात देवळात उत्सव असतो आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पालखी निघते. निघण्याआधी रायगड पोलिसांची तुकडी बंदुका घेऊन देवाला रीतसर मानवंदना देते. ही इंग्रजांच्या काळापासूनची प्रथा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. मग पालखी गल्लोगल्ली फिरते. दारोदारी रांगोळ्या, कंदील, आरत्या; ज्याच्या दारी पालखी रात्री दोनला येणार, तो दोनपर्यंत जागा असतो. मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेले रोहेकर गणपतीला एकवेळ येणार नाहीत, पालखीला येतात. त्यामुळे त्या दिवसांत रोह्यात लॉजमधली खोली मिळणं कठीण. कोलाडला राहावं, पहाटे चारला निघावं आणि गाडी गावाबाहेरच लावून देवळापर्यंत चालत जावं.