मानधन कीं वेतन?

1897 च्या प्लेगांत रँडसाहेबांचे सोजीर पुण्यांतील घरांत शिरून रोगी हुडकीत, ही हकीकत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं आजीच्या तोंडून ऐकली असेल. 2020 सालीं कोविडची साथ आली, तेव्हां खेड्यांत दारीं आली ती मात्र गांवचीच लेक नाहीं तर सून. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम त्या वर्षीं 15 सप्टेंबरास सुरू झाली. ताप व रक्तांतील प्राणवायू मोजीत आशाताई घरोघर हिंडल्या. कोणत्या घरांत सासऱ्यांस दमा, कोठें जाऊबाई गरोदर, हें त्यांस आधींच ठाऊक. सोजिरांस जें साधलें नाहीं तें त्यांस साधलें, त्याचें मर्म आमच्या मतें एवढेंच.

आशांची योजना 2005 सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांत निघाली. साधारण 1,000 वस्तीमागें एक बाई. देशांत सुमारें 10 लाख. सरकारदप्तरीं त्या ‘स्वयंसेविका’. म्हणून पगार नाहीं, कामागणिक मोबदला आणि वर कांहीं मानधन. साथीच्या कामाबद्दल केंद्राकडून महिना 1,000 रुपये जादा मिळत, म्हणजे दिवसास 33! 2021 च्या जूनांत महाराष्ट्रांतील आशांनीं संप केला, तेव्हां कोठें थोडी वाढ पदरांत पडली. 2022 च्या मे महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेनें त्यांचा गौरव केला. (गौरवास खर्च कमी लागतो.) 2024 सालीं राज्यानें मानधन 5,000 रुपयांनीं वाढविलें, हें स्तुत्यच; तथापि नोकरीचे हक्क त्यांत येत नाहींत. अशा स्त्रियांस कामगार मानून किमान वेतन द्यावें, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेनें 2013 सालींच केली होती.

वेतनाची गोष्ट काढली कीं ‘ही तर सेवा आहे’ असें उत्तर येतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हांस तें ओळखीचें आहे. दुखणाइताच्या उशाशीं रात्र रात्र बसणाऱ्या सुनेचें घरांत कौतुक होतें. तिला झोप मिळाली कीं नाहीं, हें विचारण्याचें मात्र कोणास सुचत नाहीं. सरकारानें घरचीच रीत उचलली!

शहरांतले आपण डॉक्टरांस दूरध्वनि करूं. वाडीवरच्या बाळंतिणीस आशाताईवांचून कोण? तिनें पोटासाठीं दुसरें काम धरलें, तर पुढच्या साथींत तें दार कोण ठोठावणार? येत्या अंदाजपत्रकांत हा खर्च मानधनाखालीं पडतो कीं वेतनाखालीं, तें आम्ही पाहणार आहों.