मोतमाउलीचे पावित्र्य

नागपूरकर सेमिनरी हिल्सवर हौसेने फिरावयास जातात. परंतु त्या टेकडीला हे नाव कॅथलिक धर्मगुरूंच्या विद्यालयावरून पडले, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयीही आपले असेच होते. मुंबईस वांद्र्याच्या टेकडीवर दर सप्टेंबरात मोतमाउलीची जत्रा भरते आणि कितीतरी हिंदू कुटुंबेही तेथे मेणबत्त्या वाहतात. पण मरियेचा ‘निष्कलंक गर्भसंभव’ म्हणजे काय, असे विचारा. बहुतेक जण येशूच्या जन्माची कथा सांगू लागतील!

वस्तुतः हा सिद्धांत मरियेच्या स्वतःच्या गर्भसंभवाविषयीचा आहे. आदिपापाचा जो डाग प्रत्येक मानवास जन्मतःच असतो, तो तिला आईच्या उदरातही लागला नाही, असे कॅथलिक मानतात. तेराव्या शतकात खुद्द संत थॉमस अक्वायनस यांना हे पटेना. डागच नाही, तर तिला तारणाऱ्याची गरज ती कोणती? पुढे डन्स स्कोटस यांनी त्याचे उत्तर दिले. बुडालेल्यास वर काढणे हे तारण खरेच. पण बुडण्यापूर्वीच हात देणे हे त्याहून थोर तारण नव्हे काय? अखेर १८५४ साली पोप नववे पायस यांनी हे मत श्रद्धेचा भाग म्हणून घोषित केले.

तात्पर्य, मरियेचे पावित्र्य ही तिची स्वतःची मिळकत नव्हे. ती पुत्राच्या पुण्याईची देणगी होय. म्हणूनच चर्च तिला सर्व संतांहून अधिक मान देते. आराधना मात्र एका ईश्वराचीच. ज्ञानोबांना ‘माउली’ म्हणणाऱ्या मराठी माणसास हा भेद समजणे जड जाऊ नये.